परदेशी भाषेचा तास: वाचकांची पत्रं आणि उत्तरं

शाळेतल्या परदेशी भाषांबद्दल प्रश्न पाठवा, असं गेल्या अंकात लिहिलं होतं. पत्रं भरपूर आली. त्यांतल्या बहुतेक पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत आहे: गुण मिळतात, भाषा येत नाही. त्यांतली चार पत्रं इथे घेतली आहेत. मी पुण्यात शाळेच्या वर्गांवर जर्मन शिकवलं आणि आता शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं काम करते, त्यामुळे उदाहरणं जर्मनची जास्त येतील. फ्रेंच, जपानी शिकणाऱ्यांनी आपापल्या भाषेत ती बदलून घ्यावीत.

प्रश्न: ताई, माझी मुलगी नववीत आहे. पाचवीपासून शाळेत फ्रेंच आहे आणि सहामाहीत तिला ९५ गुण पडले. गेल्या महिन्यात ह्यांच्या ऑफिसमधले एक फ्रेंच सहकारी आमच्याकडे जेवायला आले होते. आम्ही कौतुकानं तिला पुढे बोलावलं. त्यांनी अगदी हळू, हसून काहीतरी विचारलं. तिला एक अक्षर कळलं नाही. ती आत निघून गेली आणि रडली. आता म्हणते, मला फ्रेंच येतच नाही, मी सोडणार. चूक नक्की कुणाची? आणि आम्ही काय करायचं? (एक आई, ठाणे)

उत्तर: मुलीची चूक अजिबात नाही, हे तिला आजच सांगा. तिचे ९५ गुण खरे आहेत आणि तिला काही न कळणंही खरं आहे. तिला जे शिकवलं ते तिनं उत्तम केलं. फक्त तिला ऐकायला कुणी शिकवलेलं नाही.

फ्रेंचमध्ये हे विशेष जाचतं. ‘बोलणे’ या क्रियापदाची रूपं घ्या. मी बोलतो, तू बोलतोस, तो बोलतो, ते बोलतात. लिहिताना या चारांची तीन वेगवेगळी स्पेलिंग होतात आणि उच्चार मात्र चारही ठिकाणी एकच: ‘पार्ल’. शाळेत आठवडेच्या आठवडे या न उच्चारल्या जाणाऱ्या शेवटच्या अक्षरांवर जातात, कारण पेपरात गुण त्यांनाच आहेत. उलट ‘त्यांच्याकडे आहे’ आणि ‘ते आहेत’ यांत कानाला ऐकू येणारा फरक फक्त एका व्यंजनाचा: ‘इल-झों’ आणि ‘इल-सों’. कागदावर तुमची मुलगी हा फरक झोपेतसुद्धा ओळखेल. कानावर तो पडलाच नसेल, तर ती ओळखणार कशी? त्यातून फ्रेंच माणूस शब्द जोडून बोलतो. वय विचारताना ‘केल’ आणि ‘आज’ हे दोन शब्द तो ‘केलाज’ असे एका दमात म्हणतो. वहीत हे शब्द सुटे असतात. पाहुण्यांनी कदाचित तिला तिचं वयच विचारलं असेल, आणि त्याचं उत्तर तिला पाचवीपासून लिहिता येत असेल.

म्हणून घरी सुरुवात कानापासून करा. रोज दहा मिनिटं पुरे. टीव्ही५ मोंद या फ्रेंच वाहिनीची शिकणाऱ्यांसाठी वेगळी साइट आहे. तिथे अगदी पहिल्या पातळीपासूनचे छोटे व्हिडिओ आणि त्यांवरचे प्रश्न फुकट मिळतात. नववीतल्या मुलीला पहिल्या पातळीचं देताना तिचा अपमान होईल असं वाटून घेऊ नका. तिचं वाचन पुढे आहे, कान पहिल्या पायरीवर आहे, इतकंच. एक व्हिडिओ आधी नुसता ऐकायचा, मग मजकूर समोर ठेवून ऐकायचा, मग पुन्हा नुसता. तिसऱ्या वेळी शब्द आपोआप सुटे ऐकू येऊ लागतात आणि मुलांच्या चेहऱ्यावर ते लगेच दिसतं.

दुसरं, पाहुण्यांसमोर ‘बोलून दाखव’ हे बंद करा. त्याऐवजी तुम्हीच तिच्याकडून शिका. भाजी निवडताना तिला विचारा, भेंडीला काय म्हणतात, ‘मीठ दे’ कसं म्हणायचं. तिला शब्द आठवला नाही तर तिला शोधू द्या.

आणि शाळेच्या पालकसभेत दोनच प्रश्न विचारा. फ्रेंचच्या परीक्षेत ऐकण्याला आणि बोलण्याला किती गुण आहेत? आणि तासाला शिक्षक स्वतः फ्रेंच किती वेळ बोलतात? हे प्रश्न शिक्षकांना पेचात पकडण्यासाठी विचारू नका. शिक्षकांना बहुतेक वेळा हेच हवं असतं आणि त्यांना पालकांच्या पाठिंब्याची गरज असते. पुढचं पत्र वाचलंत की ते कळेल.

प्रश्न: नमस्कार मॅडम. मी पिंपरी-चिंचवडमधल्या एका शाळेत आठवी ते दहावीला जर्मन शिकवते. वर्गात ५२ मुलं. आठवड्याला ३५ मिनिटांच्या दोन तासिका. पुस्तक संपवायचं, वह्या तपासायच्या, घटक चाचणी पूर्ण लेखी. प्रशिक्षणात सांगतात की मुलांना बोलतं करा, गटकार्य घ्या. एकदा घेतलं, तर शेजारच्या वर्गाच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मलाही मनापासून वाटतं की हे बदलावं. पण या वर्गात ते जमेल असं कसं करायचं? (एक शिक्षिका)

उत्तर: तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्नच योग्य प्रश्न आहे. परदेशातल्या १५ मुलांच्या वर्गासाठी लिहिलेल्या सूचना ५२ मुलांवर लादल्या तर शिक्षक थकतो आणि परत फळ्याकडे वळतो. सुदैवानं आपल्याकडे अशाच वर्गांत झालेलं एक मोठं काम आहे. त्याची चर्चा जगभर होते आणि आपल्या स्टाफरूममध्ये ते फारसं माहीत नाही, याचं मला वाईट वाटतं. एन. एस. प्रभू हे मद्रासच्या ब्रिटिश कौन्सिलमध्ये काम करत होते. १९७९ ते १९८४ या काळात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळूर, मद्रास वगैरे ठिकाणच्या साध्या शाळांमध्ये इंग्रजी वेगळ्या पद्धतीनं शिकवून पाहिलं. पुढे ते ‘बंगलोर प्रकल्प’ या नावानं ओळखलं गेलं. व्याकरणाचा धडा नाही, वाक्यं घोकणं नाही. रोज एक काम: नकाशावरून रस्ता शोधा, वेळापत्रकावरून गाडी ठरवा, किंमती बघून हिशोब करा. मुलांचं लक्ष उत्तर काढण्यात गुंतलेलं असतं तेव्हा भाषा आत जाते, असं प्रभूंचं म्हणणं होतं.

तुमच्या उपयोगाची गोष्ट पुढेच आहे. प्रभूंनी गटकार्यावर भर दिला नाही. शिक्षक आधी एक काम सगळ्या वर्गाबरोबर, प्रश्नोत्तरांतून, मोठ्यानं सोडवून दाखवतो. मग त्याच धाटणीचं दुसरं काम मूल एकट्यानं, आपल्या जागेवर बसून करतं. गोंगाटाचा प्रश्नच येत नाही.

तुमच्या वर्गात हे असं दिसेल. पुस्तकात फ्रँकफर्ट ते म्युनिक गाड्यांचं वेळापत्रक असेल. ते बाजूला ठेवा. फळ्यावर पुण्याहून मुंबईला जाणाऱ्या चार गाड्या लिहा. पहिली डेक्कन क्वीन, सुटण्याची वेळ ७:१५. तुम्ही जर्मनमध्येच विचारा, ‘वान फेअर्ट डेर त्सूक?’ हातानं गाडी दाखवा, घड्याळ दाखवा. पहिल्या दोन-तीन वेळा वर्ग गप्प राहील, तुम्हीच उत्तर द्या. मग कुणीतरी नुसतं ‘सात’ म्हणेल. ते पूर्ण उत्तर समजा. ‘पूर्ण वाक्यात बोल’ हा आग्रह या टप्प्यावर धरू नका, कारण मुलाला कळलंय हे त्या एका शब्दानं सिद्ध झालेलं असतं. तुम्ही तेच उत्तर पूर्ण वाक्यात परत म्हणा आणि पुढे जा. हळूहळू प्रश्न अवघड करा. आजीला अकराच्या आत दादरला पोचायचंय, कुठली गाडी? मामाला सकाळी लवकर उठवत नाही, त्याला कुठली? पंधरा मिनिटं झाली की दुसरं वेळापत्रक आणि पाच प्रश्न कागदावर द्या आणि शांतपणे सोडवू द्या. उत्तर बरोबर की चूक एवढंच तपासा. व्याकरणाच्या चुकांना लाल रेघ मारू नका. नुसत्या गाड्यांच्या नावांचे आणि वेळांचे कागद ५२ असले तरी तपासायला फार वेळ लागत नाही.

वेळांचाच विषय आहे म्हणून सांगते, आपल्या मुलांना इथे आयताच फायदा आहे. जर्मनमध्ये ‘सातनंतर पाव’ म्हणतात ते आपलं सव्वासात, ‘आठच्या आधी पाव’ ते आपलं पावणेआठ. अडतं फक्त साडेसातला. जर्मन माणूस त्याला ‘अर्धा आठ’ म्हणतो. हा एकच सांधा मराठीत नीट समजावलात की मुलं घड्याळाच्या धड्यात चुकत नाहीत. इंग्रजीतून समजावलंत तर ‘अर्धा आठ’ म्हणजे साडेआठ असं घेऊन बसतात.

आता बोलणं. गोएथे इन्स्टिट्यूटची, म्हणजे पुण्यात आपण ज्याला मॅक्सम्युलर भवन म्हणतो त्या संस्थेची ए-१, म्हणजे अगदी पहिल्या पातळीची, परीक्षा बघा. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकाला २५ गुण. बोलण्याची परीक्षा साधारण १५ मिनिटांची आणि चार उमेदवारांपर्यंतच्या गटात एकत्र होते. त्यात तीनच गोष्टी असतात: स्वतःची ओळख, शब्द लिहिलेली कार्डं बघून प्रश्न विचारणं, आणि चित्र बघून विनंती करणं. पाण्याचा ग्लास दिसला की ‘मला पाणी देतोस का?’, बंद खिडकी दिसली की ‘खिडकी उघडतोस का?’ जुन्या मासिकांतली चित्रं कापून पुठ्ठ्यावर चिकटवा, एकदा केलेला संच तुम्हाला कित्येक वर्षं पुरेल.

५२ मुलांना बोलायला वेळ कुठून आणायचा? एका तासिकेला सहा मुलं. बाकीचे वेळापत्रकाचा कागद सोडवत असताना दोन-दोनच्या जोड्या तुमच्या टेबलाशी येतील, प्रत्येक जोडी दोन-तीन मिनिटं. नऊ तासिकांत सगळा वर्ग होतो, म्हणजे साधारण एका महिन्यात. सत्रात असे दोन फेरे बसले तरी प्रत्येक मूल वर्षात चार वेळा तुमच्याशी समोरासमोर जर्मन बोललेलं असेल. सध्या ते बहुधा एकदाही बोलत नाही. मूल बोलत असताना मध्येच चूक सुधारू नका. बोलणं संपलं की एकच चूक सांगा, जी सगळ्यात जास्त घोटाळा करते ती.

आणि या बोलण्याला गुण द्या. माझं हे मत पक्कं आहे आणि यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे: ज्याला परीक्षेत गुण नाहीत ते वर्गात टिकत नाही. शिक्षक कितीही तळमळीचा असला तरी फेब्रुवारी उजाडला की तो पेपराकडेच वळतो, आणि त्याला दोष देता येत नाही. आपल्या राज्यमंडळात दहावीच्या भाषांना अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण होते. बऱ्याच शाळांत ते प्रसादासारखे वाटले गेले. २०१८-१९ मध्ये मंडळानं ते काढून टाकले, २०१९ च्या मार्चचा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला, आणि पुढच्या वर्षी ते गुण परत आले. सगळी चर्चा निकाल फुगला की घसरला याचीच झाली. तोंडी परीक्षा खरोखर घेतली तर मुलं बोलायला लागतील, हे त्या गदारोळात फार कमी लोकांनी म्हटलं. तुमच्या मुख्याध्यापकांकडे जाताना हे घेऊन जा. नवीन गुण मागू नका, आहेत तेच गुण प्रामाणिकपणे तोंडी परीक्षेला वापरायची परवानगी मागा. मुलांच्या नावांची यादी, तारखा आणि कुणाला कशासाठी किती गुण याचा कागद सोबत ठेवा. लेखी पुरावा असला की शाळा सहसा नाही म्हणत नाही.

व्याकरणाचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत पण मनात असेल. इथे मी प्रभूंपेक्षा वेगळी वाट धरते. तेरा वर्षांचं मूल ‘असं का?’ विचारतं आणि त्याला उत्तर मिळालं पाहिजे. आठवड्यातल्या दुसऱ्या तासिकेची शेवटची दहा मिनिटं त्यासाठी ठेवा. त्या आठवड्यात जे कानावर पडलं त्याचाच नियम, आणि तो मराठीतून. का ते पुढच्या उत्तरात लिहिते.

प्रश्न: बाईंना सप्रेम नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातल्या हायस्कुलात आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. आम्ही तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलो. मराठी वाक्य, त्याचं इंग्रजी, इंग्रजीचं परत मराठी. व्याकरण पक्कं झालं आणि त्या बळावर आमच्या पिढीनं कचेऱ्या चालवल्या, कोर्टात अर्ज लिहिले. आता ऐकतो की व्याकरण नको, भाषांतर नको, नुसतं बोला. पायाशिवाय इमारत उभी राहील का? नातू जर्मन शिकतो आहे. त्याला मी जुन्या पद्धतीनं शिकवलं तर नुकसान होईल का? (एक निवृत्त शिक्षक)

उत्तर: सर, तुमच्या पत्रातल्या अर्ध्या भागाशी मी पूर्ण सहमत आहे, आणि तो अर्धा भाग आजचे शिक्षक विसरले आहेत. आधी मतभेद लिहिते.

भाषांतराची पद्धत युरोपात लॅटिन आणि ग्रीक शिकवण्याच्या परंपरेतून आली. लॅटिनमध्ये कुणाशी बोलायचं नव्हतं, ग्रंथ वाचायचे होते, त्यासाठी ती पद्धत योग्यच होती. तीच जिवंत भाषांना लावली तेव्हा अडचण झाली, आणि ती तिथल्या शिक्षकांनाच आधी जाणवली. विल्हेल्म फिएटोर या जर्मन शिक्षकानं १८८२ मध्ये टोपणनावानं एक पुस्तिका काढली. भाषा शिकवण्याची दिशा उलटी फिरवलीच पाहिजे, असं तिचं शीर्षकच होतं. सुटी वाक्यं आणि शब्दांच्या याद्या सोडा, बोलली जाणारी भाषा आधी आणा, उच्चार शिकवा, नियम मुलांना उताऱ्यातून काढू द्या, अशी त्यांची मागणी होती. चारच वर्षांनी, १८८६ मध्ये, पॅरिसला भाषाशिक्षकांनी एकत्र येऊन संघटना काढली. तीच पुढे आंतरराष्ट्रीय ध्वनिशास्त्र संघटना झाली. म्हणजे ‘आधी बोला’ हे खूळ आजचं नाही. तुमच्या-माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून वर्गात शिकवणारी माणसंच हे सांगत आली आहेत. तुमच्या पिढीला इंग्रजी अर्ज लिहायला लागायचं, आणि त्या गरजेला पाठमाला पुरी पडली. नातवाची गरज वेगळी आहे. त्याला ऐकून उत्तर द्यायचं आहे.

आता सहमती. तुमच्या पद्धतीत मराठीला मानाची जागा होती. तुम्ही जे शिकलात ते मराठीवर उभं राहून शिकलात. आज मुलगा मराठी बोलत शाळेत येतो आणि जर्मन शिकतो इंग्रजीतून. पुस्तकातले शब्दार्थ इंग्रजी, सूचना इंग्रजी, शिक्षकाचं समजावणं इंग्रजी. त्याच्याजवळ असलेलं सगळ्यात उपयोगी हत्यार दाराबाहेर राहतं.

जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत. चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी, सुरी नपुंसकलिंगी: डेर ल्योफल, डी गाबल, डास मेसर. वर्गात सांगतात, याला काही तर्क नाही, पाठ करा. मुलं घाबरतात, कारण इंग्रजीतून पाहिलं तर चमच्याला लिंग असणंच विचित्र आहे. पण हेच मूल घरी जेवायला बसताना ‘तो चमचा, ती वाटी, ते ताट’ एकदाही न चुकता म्हणतं. त्याला तीन लिंगांची सवय जन्मापासून आहे. हिंदी बोलणाऱ्या मुलालाही ही सोय नाही, तिथे दोनच लिंगं. नातवाला एवढंच सांगा: ‘ताट नपुंसकलिंगी का?’ याचं उत्तर तुला येत नाही आणि तरी तू चुकत नाहीस, कारण तू नुसतं ‘ताट’ कधी शिकलाच नाहीस, ‘ते ताट’ असंच कानावर आलं. जर्मन शब्द तसाच घे, ‘डेर’ किंवा ‘डी’सकट.

विभक्तीचंही तेच. ‘मुलगा’ला ‘ला’ लावताना आपण ‘मुलगाला’ म्हणत नाही, ‘मुलाला’ म्हणतो. नात्याप्रमाणे शब्दाचं रूप बदलतं हे मराठी मुलाच्या अंगवळणी पडलेलं असतं. जर्मनमध्ये हा बदल बराचसा आधीच्या उपपदात होतो, ‘डेर’चं ‘डेम’ होतं. सामान्यरूप शिकवणारा तुमच्यासारखा शिक्षक हे पाच मिनिटांत समजावू शकतो. अंकांचंही सांगते. जर्मन मुलगा २१ ला ‘आइन-उंट-त्स्वान्त्सिश’ म्हणतो, आधी एक, मग वीस. ४५ म्हणताना आधी पाच, मग चाळीस. आपलं एकवीस, पंचेचाळीस त्याच क्रमानं जातं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनाची रीत आली आणि राज्यभर वाद झाला, तो तुम्हाला आठवत असेल. त्या वादात मी पडत नाही. पण पंचेचाळीस म्हणणाऱ्या मुलाला जर्मन अंक उलटे वाटत नाहीत, हे मी वर्गात पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

जपानीचं तर याहून ठळक आहे. ‘मी उद्या टोकियोला जाणार’ हे जपानीत ‘वाताशि वा आशिता तोक्यो नि इकिमास’. मी, उद्या, टोकियो, ‘ला’च्या जागी ‘नि’, आणि क्रियापद शेवटी. शब्दांचा क्रम तसाच. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे वाक्य डोक्यात एकदा उलटवावं लागतं आणि परत सुलटं करावं लागतं. पुण्यात इतकी मुलं जपानीच्या परीक्षा देतात, त्यांना हा वळसा कशाला? जाता जाता एक: जपानीच्या त्या परीक्षेत, जेएलपीटीत, बोलण्याची चाचणी नसते. त्यातली एन-४ ही पातळी मिळालेला मुलगा दुकानात गप्प राहिला तर आश्चर्य वाटू नये. शिक्षकानं बोलणं वेगळं घ्यायला हवं.

म्हणून नातवाला जरूर शिकवा, सर. फक्त क्रम बदला. त्याला आधी दोन-चार जर्मन संवाद ऐकू द्या, डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचे अभ्यासक्रम फुकट आहेत. तो संवाद तुमच्याशी म्हणू दे, तुम्ही दुसरं पात्र व्हा, तुमचा उच्चार कसाही असो. मग त्यातलं एखादं वाक्य घेऊन ‘हे मराठीत कसं म्हणशील, आणि कुठे वेगळं पडलं?’ हा तुमचा जुना प्रश्न विचारा. तिथे तुमच्याइतकं उपयोगी त्याला दुसरं कुणी नाही.

प्रश्न: मॅडम, मी नाशिकचा. दहावीची परीक्षा दिली आहे. अकरावीला जर्मन घ्यायचा विचार आहे, कारण सगळे म्हणतात स्कोअरिंग आहे. पुढे नर्सिंग करून जर्मनीला जायची इच्छा आहे. बारावीपर्यंत जर्मन केलं की तिथे चालेल ना? (एक विद्यार्थी)

उत्तर: या तुझ्या दोन वेगळ्या इच्छा आहेत, त्या वेगळ्याच ठेव. गुणांसाठी जर्मन घ्यायचं असेल तर घे, त्यात वाईट काही नाही. पण त्यानं जर्मनीची सोय होईल असं धरू नकोस.

हिशोब करून बघ. गोएथे इन्स्टिट्यूटच्या अंदाजानं ए-१ ही पहिली पातळी गाठायला ४५ मिनिटांच्या साधारण ८० ते २०० तासिका लागतात. ज्या शाळेत आठवड्याला ३५ मिनिटांच्या दोन तासिका असतात आणि वर्षात ३५ आठवडे शिकवणं होतं, तिथे वर्षाला ७० तासिका मिळतात. ४५ मिनिटांच्या मापात त्या जेमतेम ५४ भरतात. तीन वर्षं नीट शिकवलं तरी एकूण १६३ च्या आसपास. म्हणजे शाळेकडून प्रामाणिक अपेक्षा ए-१ ची करता येते, त्याहून फारशी पुढची नाही. जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता मिळायला साधारणपणे बी-२ मागतात, म्हणजे मधल्या ए-२ आणि बी-१ या दोन पायऱ्या चढून चौथी. रुग्णाला कुठे दुखतंय ते म्हाताऱ्या माणसाच्या पुटपुटण्यातून कळलं पाहिजे, औषधाची मात्रा फोनवर ऐकून बिनचूक लिहिता आली पाहिजे. तिथे रिकाम्या जागा भरण्याचा सराव कामाला येत नाही.

संधी मात्र खरी आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, आणि त्यात भाषेचं प्रशिक्षण हाच सगळ्यात वेळखाऊ भाग आहे. कुणी चार महिन्यांत बी-२ करून देतो म्हणालं तर पैसे भरण्याआधी विचार, रोज किती तास, वर्गात किती मुलं, आणि शिकवणाऱ्याची स्वतःची पातळी कोणती. दिवसाला एक तासाच्या वर्गात चार महिन्यांत ते होत नाही.

मी तुझ्या जागी असते तर अकरावीत कॉलेजचं जर्मन घेतलं असतं आणि पहिल्या दिवसापासून बाहेर, जिथे चारही कौशल्यांची परीक्षा होते अशा ठिकाणी, समांतर वर्ग लावला असता. बारावीपर्यंत ए-२ चं प्रमाणपत्र हातात असलं तर उत्तम. मग नर्सिंगच्या वर्षांत बी-१, आणि शेवटच्या वर्षात बी-२ साठी रोजचा वेळ. नर्सिंग कॉलेजला प्रवेश घेतानाच तिथल्या ड्युटीच्या वेळा विचारून घे, कारण रात्रपाळी सुरू झाली की संध्याकाळचा भाषेचा वर्ग सगळ्यात आधी सुटतो.